मूत्रपिंडाचा आजार: रुग्ण आणि घरचे वारंवार विचारतात ते प्रश्न

माझ्या ओपीडीत पहिल्यांदा येणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा रक्ताचा एक रिपोर्ट असतो आणि त्यातल्या क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडं रक्तातून काढून टाकतात त्या एका कचऱ्याच्या) आकड्याभोवती कुणीतरी पेनानं गोल केलेला असतो. त्या गोलावर बोट ठेवूनच बोलणं सुरू होतं. गेली कित्येक वर्षं तेच ते प्रश्न ऐकतोय. उत्तरं मात्र घाईत, दार उघडं ठेवून दिली जातात. इथे ती जरा निवांत लिहिली आहेत.

लघवी तर छान होते. मग किडनी खराब कशी?

माणसं उशिरा येतात ती मुख्यतः याच समजुतीमुळे, म्हणून हा प्रश्न सगळ्यात आधी घेतो. लघवी किती होते ही एक गोष्ट आणि तिच्यातून काय बाहेर जातं ही दुसरी. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक सगळं पाणी परत रक्तात जातं आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतं. आता गाळण्या निकामी होत होत १८० लिटरचे ३० लिटर झाले, तरी त्यातून दोन लिटर लघवी सहज होते. उलट आजारी मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे ती पाण्यासारखी फिकी होते आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, मला तर जास्तच होते." डायलिसिसच्या उंबरठ्यावर पोचलेल्या अनेकांना लघवी भरपूर होत असते. युरिया, पोटॅशियम आणि आम्ल मात्र रक्तातच साचत राहतं.

मूत्रपिंडं लघवी करण्याशिवाय आणखी काय करतात?

बरंच काही. मुठीएवढी ही दोन इंद्रियं पाठीकडच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. प्रत्येकात जवळजवळ दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि एकदा गेलेली गाळणी पुन्हा उगवत नाही. कचरा काढणं हे त्यांचं ठाऊक असलेलं काम. त्याखेरीज रक्तदाब सांभाळणं, हाडांसाठी ड जीवनसत्त्व कामाला लावणं, आम्ल आणि क्षारांचा तोल राखणं, आणि अस्थिमज्जेला 'लाल पेशी बनव' असा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन तयार करणं हीही त्यांचीच कामं. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन उतरतं, आणि नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी ते पुष्कळदा वर येत नाही. असे रुग्ण सहा-सहा महिने 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक पीत राहिलेले असतात.

लक्षणं कोणती?

सुरुवातीला कोणतीच नसतात, हे खरं उत्तर. निम्म्याहून जास्त काम गेलं तरी माणूस शेतात, ऑफिसात, स्वयंपाकघरात नेहमीसारखा वावरत असतो. पाठीत दुखलं की लोक किडनीची धास्ती घेतात. पण कंबरदुखी बहुतेक वेळा स्नायूंची किंवा मणक्याची असते, आणि जुनाट मूत्रपिंडविकार सहसा दुखत नाही.

तरी काही खुणा आहेत. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज. संध्याकाळी पायांवर सूज, बोटानं दाबलं की खड्डा राहतो. लघवीला फेस, आणि तो पाणी टाकूनही लवकर न विरणारा. चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची लघवी. तिशीतल्या माणसाचा रक्तदाब विनाकारण १६०च्या वर. पुढच्या टप्प्यात भूक मरते, तोंडाला धातूसारखी चव येते, सकाळी दात घासताना मळमळतं, अंगाला खाज सुटते आणि त्वचेवर पुरळ मात्र दिसत नाही, जिना चढताना धाप लागते.

एक खूण घरच्यांना आनंदाची वाटते, म्हणून मुद्दाम सांगतो. वर्षानुवर्षं इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर अचानक कमी व्हायला लागते, डोस उतरवावा लागतो, आणि घरात म्हणतात की मधुमेह बरा होतोय. इन्सुलिन शरीराबाहेर काढण्याचं काम काही अंशी मूत्रपिंडं करतात. ती मंदावली की तेच इन्सुलिन जास्त वेळ काम करत राहतं. तेव्हा पथ्य न बदलता साखर उतरली, तर पेढे वाटण्याआधी क्रिएटिनिन करून घ्या.

क्रिएटिनिन १.३ म्हणजे घाबरण्यासारखं आहे का?

कुणाचं, यावर अवलंबून आहे. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. पंचविशीतल्या पुरुषाचं १.३ असेल, तर सूत्रात घालून गाळण्याचा वेग साधारण ७८ येतो. साठीच्या आजींचं तेच १.३ असेल, तर वेग येतो सुमारे ४७. आकडा एकच, पण आजींच्या मूत्रपिंडाचं निम्मं काम गेलेलं आहे, आणि रिपोर्टवर मात्र तो 'जरासा जास्त' एवढाच दिसतो. कृश बायकांचा आजार असाच नजरेतून निसटतो. म्हणून क्रिएटिनिनसोबत 'ईजीएफआर', म्हणजे हाच गाळण्याचा वेग, हा आकडा मागा. वय आणि लिंग घालून तो काढतात, आणि हल्ली बऱ्याच लॅब तो छापूनच देतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सुरुवातीची घसरण क्रिएटिनिन लपवतं. ०.८ वरून १.६ होताना कामाचा मोठा वाटा जातो. पुढे ६ चे ७ होताना गमावण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. तरी ०.८ चे १.६ झाल्यावर कुणी धावत येत नाही आणि ६ चे ७ झाले की सगळं घर हादरतं.

मग तपासण्या कोणत्या, आणि कुणी करायच्या?

दोनच. रक्तातलं क्रिएटिनिन (ईजीएफआरसह) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, ज्याला लॅबमध्ये 'एसीआर' म्हणतात (अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन). लघवीची साधी तपासणी 'नॉर्मल' आली तरी एसीआर वाढलेला असू शकतो, कारण अगदी थोडी प्रथिनं साध्या पट्टीला कळत नाहीत. सकाळची पहिली लघवी द्यावी. ताप असताना, लघवीला जंतुसंसर्ग असताना किंवा पाळीच्या दिवसांत देऊ नये.

टाइप २ मधुमेह असेल तर निदान झालं त्याच दिवसापासून दरवर्षी. रक्तदाब असेल तर दरवर्षी. घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल, गरोदरपणात बीपी वाढलं असेल, वारंवार मुतखडे होत असतील, वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेतल्या असतील, तर तुम्हीही. पन्नास-साठ गोष्टींच्या महागड्या 'फुल बॉडी' पॅकेजात पुष्कळदा एसीआर नसतो. यादी वाचून बघा.

एका रिपोर्टवरून जुनाट आजाराचा शिक्का मारत नाहीत. बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला तरच तो जुनाट.

स्टेज ३ म्हणजे कॅन्सरसारखी तिसरी स्टेज का?

नाही, आणि या शब्दानं माणसांच्या रात्रीच्या झोपा उडतात म्हणून सांगतो. ईजीएफआर ९० किंवा वर असेल (आणि लघवीत प्रथिनं किंवा इतर दोष असेल) तर पहिला टप्पा. ६० ते ८९ दुसरा, ३० ते ५९ तिसरा, १५ ते २९ चौथा, १५च्या खाली पाचवा. तिसऱ्या टप्प्यातल्या बहुतेकांवर डायलिसिसची वेळ कधीच येत नाही. त्यांना जास्त धोका असतो तो हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा. म्हणून सिगारेट आणि तंबाखू सोडा असं आम्ही म्हणतो, ते मूत्रपिंडाइतकंच हृदयासाठी असतं.

माझ्याच वाट्याला का आलं? कारणं काय?

मधुमेह हे सगळ्यात मोठं कारण आणि त्याच्या मागोमाग रक्तदाब. रक्तदाबाचं गणित दुहेरी आहे: तो मूत्रपिंड बिघडवतो आणि बिघडलेलं मूत्रपिंड तो आणखी वाढवतं. तरुणांमध्ये गाळण्यांचे दाह जास्त दिसतात, त्यातला एक नेहमीचा म्हणजे आयजीए नेफ्रोपॅथी. काही घराण्यांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो. त्याच्या नेहमीच्या प्रकारात आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. प्रोस्टेट वाढून किंवा खडा अडकून लघवी मागे तुंबणं हेही कारण आहे. अडथळा वेळेवर काढला तर यातलं नुकसान बऱ्याच अंशी टळतं.

एक कारण अलीकडे पुढे आलंय: गोरं करणारी क्रीम. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात आणि आपल्या अकोल्यातही अशा क्रीम वापरणाऱ्यांच्या लघवीतून प्रथिनं जायला लागली, आणि क्रीममध्ये पारा सापडला. बाटलीवर नाव नाही, घटक छापलेले नाहीत, ओळखीच्या बाईंनी ब्यूटी पार्लरमधून दिली, अशा क्रीम चेहऱ्याला लावू नका. क्रीम थांबवल्यावर यातले बरेच जण सुधारतात.

अंगदुखीची गोळी रोज घेतली तर काय होतं?

डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाइड ही औषधं मूत्रपिंडात येणारी रक्तवाहिनी आकसवतात. धडधाकट माणसानं दोन दिवस घेतली तर सहसा काही बिघडत नाही. पण साठीनंतर, मधुमेहात, जुलाबानंतर, उन्हात घाम गाळल्यावर, किंवा बीपीच्या काही गोळ्यांसोबत घेतली, तर मूत्रपिंड काही दिवसांत कोलमडू शकतं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून स्ट्रिपच्या स्ट्रिप आणून तीन-चार वर्षं घेतलेल्या आज्या मी दर आठवड्याला पाहतो. त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. वेदनेसाठी पॅरासिटामॉल, योग्य प्रमाणात, हा त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय. शेक, व्यायाम आणि वजन उतरवणंही उपयोगी पडतं.

आपल्याकडची गिधाडं कशानं गेली ठाऊक आहे? गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००४ साली कारण उजेडात आलं, २००६ मध्ये भारतानं गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणसाला पक्ष्याइतका धोका नसतो, हे खरं. तरी गावात हे उदाहरण सांगितलं की गोळ्यांची पिशवी आपणहून टेबलावर येते.

मधुमेह नाही, बीपी नाही, तरी गावात इतक्यांना किडनीचा आजार कसा?

काही भागांत हे खरोखर घडतंय. आंध्र प्रदेशात श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम पट्टा, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, मध्य अमेरिकेतले उसाचे मळे आणि आपल्या शेजारी गोव्यातला काणकोण तालुका. रुग्ण बहुतेक शेतकरी आणि मजूर. लघवीत प्रथिनं फारशी जात नाहीत, सूज येत नाही, आणि कळतं तेव्हा खूप उशीर झालेला असतो. पाणी, कीटकनाशकं, जड धातू, उष्णता अशा अनेक गोष्टींवर संशय आहे. एकच एक गुन्हेगार अजून सिद्ध झालेला नाही. विदर्भात पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातले लोकही हाच प्रश्न विचारतात, आणि गोड्या पाण्याची त्यांची मागणी मूत्रपिंडाचा विषय बाजूला ठेवला तरी रास्तच आहे.

उष्णतेबद्दलचा पुरावा मात्र ऊसतोड मजुरांमध्ये चांगलाच जमतोय. भर उन्हात तासन्‌तास जड काम, प्यायला अपुरं पाणी, संध्याकाळी अंग दुखतं म्हणून वेदनाशामक, आणि हे दिवसामागून दिवस. मध्य अमेरिकेत मळ्यांवर 'पाणी, विश्रांती, सावली' असा कार्यक्रम राबवला गेला. आपल्याकडे बीडहून कोयता घेऊन निघणारी जोडपी दिवाळीनंतर महिनोन्‌महिने फडात असतात. त्यांच्या तळावर पिण्याच्या पाण्याची टाकी, दुपारची सावली आणि वर्षातून एक क्रिएटिनिन, एवढं तरी व्हायलाच हवं.

पावसाळ्यात अचानक किडनी बंद पडली. आता आयुष्यभर डायलिसिस?

बहुधा नाही! अचानक झालेली इजा आणि जुनाट आजार यांत फरक करा. लेप्टोस्पायरोसिस (साचलेल्या पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग, थोडक्यात लेप्टो), मलेरिया, भरपूर जुलाब-उलट्या, घोणस चावणं, अंगात भिनलेला जंतुसंसर्ग यांमुळे दोन-चार दिवसांत मूत्रपिंडं काम थांबवतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. कोकणात भातलावणीच्या दिवसांत ती दरवर्षी डोकावते. अशा वेळी डायलिसिस म्हणजे कुबडी असते. मूत्रपिंडं सावरेपर्यंत काही दिवस किंवा काही आठवडे ती वापरायची आणि मग बाजूला ठेवायची. 'एकदा लावलं की कायमचं लागतं' या भीतीनं नातेवाईक नकार देतात आणि वाचण्यासारखा तरुण हातचा जातो. हे मी पाहिलंय, म्हणून इतकं कळकळीनं लिहितोय.

साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर, पायाला जखम असेल तर विशेषतः, ताप यायची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. लेप्टोवर प्रतिबंधक गोळी असते. साप चावला तर मांत्रिकाकडे एक तासही घालवू नका. घोणसचं विष मूत्रपिंडाला इजा करतं आणि प्रतिविष जितकं लवकर मिळेल तितकं बरं.

जुनाट आजार बरा होतो का?

गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत. उरलेल्या वाचवता येतात, आणि वेग इतका कमी करता येतो की पाच वर्षांवर आलेलं डायलिसिस पंधरा वर्षं पुढे जाऊ शकतं, काहींच्या बाबतीत येतच नाही. माझ्या शिकण्याच्या दिवसांत यासाठी हातात फार थोडी औषधं होती. आज परिस्थिती बरीच बदलली आहे.

पहिलं काम रक्तदाब १३०/८०च्या खाली आणणं. त्यासाठी रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन अशा गटातली एक गोळी पहिली पसंती, कारण ती गाळण्यांमधला दाब आणि लघवीतून जाणारी प्रथिनं दोन्ही कमी करते. दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही मूळची मधुमेहाची औषधं, पण २०२० पासूनच्या मोठ्या चाचण्यांत मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही त्यांचा स्पष्ट फायदा दिसला. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये संपलं, त्यामुळे दोन्ही आता खूप स्वस्त झाली आहेत. खर्चाच्या भीतीनं ती नाकारू नका. मधुमेही रुग्णांसाठी फिनेरेनोन आणि सेमाग्लुटाइडही उपलब्ध आहेत. सोबत कोलेस्टेरॉलची गोळी, गरजेप्रमाणे सोडा-बायकार्बची गोळी, हिमोग्लोबिनसाठी लोह आणि एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन, आणि हिपॅटायटिस बी, फ्लू, न्यूमोनिया यांच्या लसी.

या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन वाढलं. बंद करू का?

स्वतःच्या मनानं नको. गाळण्यांमधला दाब उतरतो म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते. म्हणूनच सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहतात.

जुलाब, उलट्या किंवा अंगात पाणी न ठरणारा ताप असेल त्या दिवसांत मात्र या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या आणि कधी पुन्हा सुरू करायच्या, ते तुमच्या डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठीवर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.

क्रिएटिनिन कमी करणारी पावडर किंवा काढा मिळतो. घ्यावा का?

ओळखीच्या कुणाला गुण आला, असं ऐकून तुम्ही विचारता, आणि त्या आशेची मी टर उडवणार नाही. पण नीट पाहा. काही वेळा आजार अचानक झालेला असतो आणि तो आपोआप सुधारतो, श्रेय मात्र पावडरीला मिळतं. काही वेळा रुग्णाचे स्नायू झिजलेले असतात, म्हणून क्रिएटिनिन कमी दिसतं. लेबल नसलेल्या पुड्यांत शिसं आणि पारा निघालेला आहे, काही काढ्यांत पोटॅशियम भरपूर असतं, आणि त्यातच 'इंग्रजी औषधं बंद करा' असा सल्ला मिळाला तर रक्तदाब उफाळतो. तुम्हाला वैद्यांकडे जायचंच असेल, तर शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्यांकडे जा, चालू औषधं सोडू नका, आणि काय घेताय ते मला सांगा. मी रागावणार नाही.

पाणी जास्त प्यायलं की किडनी साफ होते ना?

मुतखडा असणाऱ्यानं भरपूर प्यावं. जुनाट आजारात, सूज नसेल तर तहानेप्रमाणे. सूज असेल, धाप लागत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर मोजूनच, आणि त्या मापात चहा, ताक, आमटी, बर्फही धरायचा. रोज सकाळी चार लिटर पिऊन मूत्रपिंड 'धुऊन' निघत नाही. डायलिसिसवरच्या माणसाच्या तर ते पाणी थेट फुप्फुसात चढतं.

खायचं काय? सगळंच बंद केलंय डॉक्टरांनी.

सगळं बंद करायचं नसतं. अर्धवट सल्ल्यांवर उपाशी राहून खंगलेले रुग्ण मला आजाराइतकीच चिंता देतात.

मिठापासून सुरू करू. दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. घरात चार माणसं असतील, तर महिन्याचं मीठ होतं ६०० ग्रॅम. तुमच्याकडे किलोची पिशवी महिन्यात संपते का? मग माणशी आठ ग्रॅमच्या वर जातंय, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, खारे दाणे, सुकट, सुके बोंबील धरलेलेच नाहीत. भाजी-आमटीत मीठ कमी, कणकेत आणि भातात बंद, वरून घ्यायचं नाही. चवीला लिंबू, जिरं, लसूण, कोथिंबीर. सैंधवाचा फायदा नाही, तेही मीठच. आणि 'लो सोडियम' मिठाला हात लावू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

पोटॅशियमचं पथ्य सगळ्यांना लागत नाही. रक्तात ते वाढलं असेल तरच. तेव्हा शहाळं, केळं, संत्रं, सुका मेवा, टोमॅटोचं सार टाळायचं. बटाटा किंवा पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात भिजवायची, उकडायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. कुकरमध्ये शिजवून रस्सा केला, तर पोटॅशियम रश्शातच राहतं. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेण्याची आपली रीत प्रेमाची आहे, पण या रुग्णाच्या हृदयाची गती तेच बिघडवू शकतं.

कमरख, कोकण-गोव्यात ज्याला करमल म्हणतात, ते शाळेबाहेर तिखट-मीठ लावून मिळणारं चांदणीच्या आकाराचं फळ, मूत्रपिंडाच्या रुग्णानं अजिबात खाऊ नये. त्यातलं विष निरोगी मूत्रपिंड काढून टाकतं, आजारी मूत्रपिंडाला जमत नाही. न थांबणारी उचकी, मग भ्रम, मग झटके. अशी उचकी लागली तर लगेच डायलिसिस असलेल्या रुग्णालयात जा.

प्रथिनं डायलिसिसच्या आधी वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम, आणि डायलिसिस सुरू झालं की वाढवून १ ते १.२ ग्रॅम. हा बदल घरच्यांना कुणी सांगत नाही आणि डायलिसिसवरचा माणूस जुन्याच पथ्यावर वरणाच्या पाण्यासोबत भात खात झिजत जातो. त्याला अंडं, मासा, चिकन, पनीर द्या.

उपवासाचंही सांगतो. बटाटा, रताळं, दाणे, राजगिरा, खजूर हे सगळं एका ताटात म्हणजे पोटॅशियम आणि फॉस्फरसचा ढीग. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी घेणाऱ्यानं कडक उपवास केला, तर रक्तात धोकादायक आम्ल तयार होऊ शकतं. नवरात्रात किंवा आषाढीला देवापुढे दिवा लावा, जेवण मात्र करा. वारीला जायचं असेल तर जरूर जा, पण आधी भेटून जा, आणि पाय दुखले म्हणून वाटेत मिळेल ती गोळी घेऊ नका.

डायलिसिस कधी सुरू करायचं?

क्रिएटिनिन अमुक झालं की, असा नियम नाही. लवकर सुरू केल्यानं आयुष्य वाढत नाही, हे २०१० मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या मोठ्या चाचणीनं दाखवलं. भूक मेली, उलट्या थांबेनात, औषधांनी सूज उतरेना, पोटॅशियम किंवा आम्ल आवरेना, की वेळ आली. हिमोडायलिसिसमध्ये रक्त यंत्रावर गाळतात, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. आठवड्याला दोनदाच भागवलं, की माणूस तग धरतो पण थकलेला राहतो. पोटाचं डायलिसिस घरी करता येतं: पोटात बसवलेल्या नळीतून दोन लिटर द्रव आत, काही तासांनी बाहेर, दिवसातून तीन-चारदा. स्वच्छता काटेकोर हवी. केंद्र साठ-सत्तर किलोमीटरवर असलेल्या खेड्यातल्या माणसाला हा पर्याय पुष्कळदा सोयीचा असतो, तरी त्याला तो सांगितलाच जात नाही. तुम्ही स्वतः विचारा.

चौथ्या टप्प्यात आलात, की ज्या हातानं काम करत नाही त्या हाताच्या शिरा जपा. त्यातून रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका. तिथेच पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) करायचा असतो, आणि तो वापरण्याजोगा व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. आधीच करून ठेवला, तर मानेत नळी घालण्याची आणि तिच्या जंतुसंसर्गाची वेळ टळते. झाल्यावर रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून थरथर पाहायची. थांबली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

पैशाचं काय?

पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे आणि त्याखाली जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळतं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. सोनं मोडण्याआधी, शेत गहाण टाकण्याआधी. कर्ज झाल्यावर योजनेचं नाव कळलेली माणसं भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं.

प्रत्यारोपण डायलिसिसपेक्षा चांगलं का? मूत्रपिंड कोण देऊ शकतं?

तब्येत झेपणारी असेल तर चांगलंच. आयुष्य वाढतं, माणूस कामावर परततो, प्रवास करतो. पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९५४ मध्ये बोस्टनला जुळ्या भावांमध्ये झालं. नवं मूत्रपिंड ओटीपोटात बसवतात, जुनी सहसा जागच्या जागी राहतात. शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं मात्र आयुष्यभर, ठरल्या वेळी, एकही डोस न चुकवता.

१९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार आईवडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको, आणि २०११च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं हे जवळचे नातेवाईक. इतरांना प्राधिकार समितीची परवानगी लागते. विक्री हा गुन्हा आहे. रक्तगट जुळत नसेल, तर दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल होऊ शकते. मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी विभागीय समन्वय केंद्रात नाव नोंदवावं लागतं. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला अशी केंद्रं आहेत. २०२३ पासून ६५ वर्षांवरच्यांनाही नोंदणी करता येते.

एक गोष्ट मनाला लागते. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायकाच जास्त. आई, बायको, बहीण. नवऱ्याला मूत्रपिंड देणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, बायकोला देणारे नवरे कमी. म्हणून दात्याशी मी एकटीशी, दार लावून बोलतो. तिला नको असेल, तर बाहेर जाऊन 'जुळत नाही' एवढंच सांगतो. तिची मनापासून तयारी असेल तर सगळ्या तपासण्या करतो, आणि शस्त्रक्रियेनंतर दरवर्षी बीपी आणि लघवी तपासायला तिलाही यायचं असतं, हे नवऱ्याला समोर बसवून सांगतो. बरीच वर्षं ती येतच नाही. तो येतो.

पहिल्या भेटीला काय घेऊन यावं?

जुने सगळे रिपोर्ट, तारखेनुसार लावून. पाच वर्षांपूर्वीचं क्रिएटिनिन आजच्या सोनोग्राफीइतकंच बोलकं असतं. घरच्या बीपीच्या नोंदी. सकाळची लघवी, शक्य असेल तर. आणि घरातली औषधांची पिशवी, आहे तशी: गोळ्या, काढे, पुड्या, शेजारणीनं दिलेलं तेल, गुडघ्याची ती पांढरी गोळी जिचं नाव आठवत नाही. सगळं टेबलावर ओता, मग आपण बोलू.